युजरला मदत करायची नाही

चूक आमच्या पप्पांची. तुमची नाही, काका, तुमची अजिबात नाही — तुम्ही दाबा बिनधास्त. हा लाल पट्टा आहे ना वरती, तो त्यांच्यामुळे टाकलाय. वाचा काय लिहिलंय. ‘हा फक्त नमुना आहे, खरं काही बुक होत नाही.’ प्रत्येक स्क्रीनवर तेच. घाण दिसतं, माहितीय मला, पण काय करणार. आणि हां, एक सांगायचं राहिलं — तुमच्या मनात येईल ते तुम्ही मोठ्यानं बोलायचं आणि मी तोंड बंद ठेवायचं, असा नियम आहे. युजर टेस्टिंग म्हणतात त्याला. ॲप खरं बनवायच्या आधी त्याची खोटी-खोटी चित्रं बनवायची, माणसाच्या हातात द्यायची आणि तो कुठे अडकतो ते बघत बसायचं. अडकला तरी मदत करायची नाही. त्यानं विचारलं, हे दाबू का, तर आपण म्हणायचं, तुम्हाला काय वाटतं? बस. आणि तो चुकला तर चूक त्याची नसते, बनवणाऱ्याची असते — हे तर पहिल्याच धड्यात आहे. सगळं फुकटात शिकलोय, हां, ऑनलाइन. इंजिनीअरिंगला सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, आम्हाला त्यांची पाठ तेवढी पाठ झाली. सोडलं कॉलेज.

नाही, तारीख तिथे नाही — सॉरी, सॉरी, मी काही बोललो नाही. शोधा तुम्ही.

तर असं आहे, की साठीच्या पुढचा एक माणूस टेस्टला हवाच, आणि आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट टाकायचाय. तो टाकला की कोर्स पूर्ण, आणि कोर्स पूर्ण झाला तरच अंधेरीचं एक ऑफिस मला ट्रेनी म्हणून बघणार. म्हणून तुम्हाला बागेत फेऱ्या मारताना पकडून बाकावर बसवलं. घरात साठीच्या पुढचं कोणी नाही का? आहे की. धोंडिराम, माझा बाप. महापालिकेत चावीवाले होते — म्हणजे पाण्याच्या लाइनची चावी फिरवणारे. त्यांनी चावी फिरवली की आमच्या अख्ख्या टेकडीला पाणी. आयुष्यभर लोक हंडे घेऊन ज्याची वाट बघतात तो माणूस कोणाचं ऐकतो का? नाही ऐकत. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट त्यांचा, पंख्याचं बटण त्यांचं, आणि नातेवाइकांना फोन करायचा तो पण त्यांनीच — आणि समोरचा ‘हॅलो’ म्हणेपर्यंत यांचं बोलून झालेलं असतं. मला तर कॉलेज सोडल्यापासून रोज सकाळी ओरडायचे. चहाबरोबर खारी असते तसं. ‘मोबाइलवर शिकून कोण साहेब झालाय’ — हे वाक्य मी ब्रश करता करता ऐकायचो.

मग आमच्या संघमित्रा ताईचं जमलं, जोगेश्वरीच्या मुलाशी. साखरपुडा करायचा, हॉल बघायचा. आता नाक्यावरच्या हॉलचा मॅनेजर कसा, तर कधी जा, जेवायला गेलेला. तेव्हाच मला कोर्समध्ये काम मिळालं होतं, आसपासची एखादी अडचण घ्या आणि त्याचं ॲप डिझाइन करा. म्हटलं, झकास, हाच हॉल घेऊ. चित्रं बनवली, रंग भरले, बटणं लावली आणि पप्पांना बसवलं. सांगितलं होतं की आधी. सांगितलं होतं — पप्पा, ही नुसती टेस्ट आहे. ते म्हणाले, हां हां, आण इकडे. ऐकलं असेल तर शपथ. मला विचारतात, ‘हे दाबू?’ मी नियमाप्रमाणे म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाले, ‘मला काय वाटतं ते विचारणारा तू कोण?’ आणि दाबलं. तारीख दाबली, दुपार दाबली, माणसं किती ते टाकलं, कुठेही अडकले नाहीत, काका. माझा सगळ्यात भारी युजर. आणि शेवटी हिरवी स्क्रीन आली, मोठा टिक — ‘अभिनंदन, आपला हॉल निश्चित झाला आहे.’

उठले. शर्ट खाली ओढला. आणि लावला मामाला फोन.

मी म्हटलं ना, पप्पा, ऐका. त्यांनी हात वर केला — गप. म्हणजे चूक कोणाची झाली, तुम्हीच सांगा. नंतर सांगता आलं असतं, बरोबर आहे. दोन आठवडे होते. पण काका, ते फोनवर मामाला काय म्हणाले माहितीय? म्हणाले, ‘सम्यकने मोबाइलवरच हॉल घेतला. कॉलेज सोडलं, पण पोरगं कामाचं निघालं.’ मग तेच आत्याला, तेच मानखुर्दच्या काकांना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, मी ब्रश केला, आणि ओरडा नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. आता हे कसं मोडायचं? मी गेलो होतो हो हॉलवर, गुपचूप खरं बुक करायला — तर ती तारीख कधीच गेलेली. म्हटलं, पप्पा पैसे भरायला जातील तेव्हा कळेल त्यांना. ते गेलेच नाहीत. हिरवा टिक आला होता ना.

हसा, हसा. साखरपुड्याच्या दिवशीचं तर खरंच हसण्यासारखं आहे. आम्ही बुंदीची पातेली घेऊन दारात, जोगेश्वरीची मंडळी नटून-थटून मागे, आणि आत स्टेजवर पाळणा. कोणाचं तरी बारसं. पण माणसं सोन्यासारखी, यार. बाळाची आजी म्हणाली, एवढी नटलेली पोरगी दारातून परत पाठवायची नाही. पाळणा सरकवला डाव्या बाजूला, उजवीकडे आमच्या खुर्च्या. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो मधोमध, त्रिशरणाला त्यांची माणसं पण हात जोडून उभी. अंगठ्या घातल्या, टाळ्या पडल्या, बाळ दचकून रडलं, तर ताईच्या सासूनेच घेतलं त्याला. आमची बुंदी त्यांनी खाल्ली, त्यांच्या पुऱ्या आम्ही. आमचा मामा बाळाच्या फोटोत आहे अजून. असा साखरपुडा घाटकोपरात झाला नसेल.

नाही, पप्पा ओरडले नाहीत. तेच तर. आत जायच्या आधी दारात मॅनेजरशी भांडत होते, माझा फोन नाचवत — ‘हे बघा, हिरवं आलंय.’ मॅनेजरने फोन घेतला, चार ठिकाणी बोट मारलं आणि सगळ्या व्याह्यांच्या पुढ्यात म्हणाला, ‘आजोबा, हे तर पोरांचं खेळणं आहे.’ मी तिथेच होतो. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी वाट लागली. तर ते व्याह्यांकडे वळले, म्हणाले, ‘माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं असेल.’ माझं नाव पण घेतलं नाही. मी... मी काय बोलणार? मधे बोलू देतात का ते कधी.

झालं तुमचं? आला टिक? बघा, किती सोपं केलंय आता. नाही हो, काका, नाही झालं बुक — तो लाल पट्टा कशाला आहे?

हा पट्टा टाकल्यावर पहिल्यांदा त्यांच्याचपुढे फोन धरला होता. म्हटलं, पप्पा, आता चूक होऊच शकत नाही. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. म्हणाले, ‘दुसऱ्या कोणाला तरी दे, बाळा. मला जमत नाही.’ बाळा म्हणाले. टेकडीला पाणी सोडणारा माणूस.

द्या तो फोन. नाही, आणखी काही विचारायचं नाहीये, टेस्ट संपली. जा तुम्ही, तुमच्या फेऱ्या राहिल्यात. कोर्स होईल पूर्ण. सकाळी घरात कोणी ओरडत नाही. मी बनवलेलं काहीही पप्पा आता हातात घेत नाहीत.