जिंकल्याचा नवस

हे मी कुणाला सांगायचं नाही असं घरी ठरलंय, आई तर दोनदा म्हणाली, 'यु-झेन, तोंड शिवून जा,' पण तुम्ही सगळे आल्यापासून एकच विचारताय, की सहलीच्या यादीतून तुझं नाव का गेलं, आणि वर म्हणताय, 'तुझे बाबा तर जिंकले ना!'... हो, जिंकले. तेच तर झालंय! हरले असते ना, तर मी उद्या तुमच्याबरोबर बसमध्ये असते. हरून बुडालेली माणसं पुष्कळ असतील, जिंकून बुडालेले आमचेच!

तुम्हाला सांगते, आमचं पंक्चरचं दुकान आणि हे भूमिदेवाचं देऊळ, दोघांच्या मध्ये फक्त शिउ-ची मावशींचं सरकारमान्य लॉटरीचं दुकान. देवाकडे आकडे मागायचे, चार पावलं चालायचं, तिकीट घ्यायचं, संपलं! पण नाही... बाबांच्या मोबाईलवर कुणीतरी एक ॲप धाडलं. 'अगं, सोडत सरकारचीच, आकडे तेच, फक्त बक्षीस दुप्पट!' आई म्हणाली, 'परवाना आहे का त्यांच्याकडे?' तर म्हणे, 'परवाना काय चाटायचाय?'

आणि बाबांनी नवस केला, 'देवा, आकडे दे, तीन दिवस बाहुल्यांचा खेळ लावतो तुझ्यापुढे.' आता आमचा देव म्हणजे गरीब बिचारा, कुणाला नाही म्हणवत नाही त्याला. उदबत्तीच्या राखेत आकडे दिसले, बाबांनी ते ॲपवर लावले, आणि टीव्हीवर नेमके तेच निघाले! हातातल्या ट्यूबसकट नाचले बाबा. 'जिंकलो!' म्हणून गल्लीभर ओरडले. कुठे खेळलो, तेवढं सोडून सगळं सांगितलं.

मग पैसे काढायला गेले. ॲपवर मेई नावाची एक बाई, तिचे निरोप इतके गोड, इतके गोड, की आईसुद्धा बाबांशी कधी तसं... असो. 'दादा, अभिनंदन हं! फक्त ओळख पटवायला थोडी अनामत भरता?' भरली. 'अय्या दादा, खात्याचा एक आकडा चुकला हो तुमच्याकडून, खातं गोठलं! ते मोकळं करायला अजून थोडी...' भरली! मी हळूच म्हटलं, 'बाबा, जिंकलेल्यातूनच कापून घ्या म्हणावं की.' तर माझ्यावरच, 'तुला काय कळतंय? नियम असतात!' परवाना नाही, पण नियम आहेत! तिसऱ्यांदा भरली, आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडेना, मेई बोलेना. बाबा मोबाईल हलवून हलवून बघतायत, आणि तोंडात एकच, 'पण जिंकलो की नाही?'

पोलिसात जा म्हणाल, तर जाणार कुठल्या तोंडानं? असल्या ठिकाणी खेळणाऱ्यालाही दंड आहे. आई म्हणाली, 'जा ना, सांगा, चोराकडे जपायला दिलं होतं, चोरानं नेलं!' आणि शिउ-ची मावशी दारातून, 'आ-तुंग, माझ्याकडे तिकीट घेतलं असतंस तर आज मीच फटाके लावले असते रे...' बाबा मान खाली घालून ट्यूब घासत राहिले.

बरं, गेलं ते गेलं. पण नवस? बाबा देवळात निघाले, मलाही घेतलं, मी गप्प असते ना, म्हणून. 'देवा, पैसे हातात आलेच नाहीत, तर नवस माफ ना?' असं म्हणून एकीकडे सपाट, एकीकडे गोल अशी कौलाची दोन लाकडं टाकली. दोन्ही सपाट बाजू वर! म्हणजे देव हसला, ना हो, ना नाही. 'बरं, एकच दिवस खेळ लावला तर?' पुन्हा हसला. 'मग देवा, त्या मेईकडूनच वसूल कर की!' अहो, लाकडं अशी उड्या मारत हसली, की एक थेट दानपेटीखाली!

तेवढ्यात मागून आई आली. म्हणाली, 'तुम्ही आकडे मागितलेत, त्यानं आकडे दिले. लावायचे कुठे, हे विचारलं होतंत त्याला? मग त्याचं काय चुकलं?' आणि स्वतः वाकून लाकूड काढलं, कौल टाकला... तीन दिवस? एक सपाट, एक गोल. देव लगेच हो म्हणाला!

तर या बाहुल्यांना पैसे कुठून आले, ते आता कळलंच असेल तुम्हाला. घरात दुसरे उरलेच नव्हते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, 'पुढच्या वर्षी जा सहलीला.' पुढच्या वर्षी? शाळेचं शेवटचं वर्ष हे, बाबा!... असं मनात म्हटलं. मी कुठे काही बोलते?

आज तिसरा दिवस. तुम्ही येईपर्यंत या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, बघायला एक देव आणि एक मी. आणि तो लाल कागद पाहिलात ना, मंचावर लावलेला? रीतच आहे तशी. 'बक्षीस लागल्याबद्दल आ-तुंग यांच्याकडून आभार.' तो वाचून गल्ली मेजवानी मागतेय... आणि आज सकाळी आपले चुआंग सर सायकल थांबवून वाचत उभे! 'वा, आ-तुंगराव! मग उद्या अख्ख्या बसला साबुदाण्याचे मोती घातलेला गार चहा तुमच्याकडून, काय?' हात जोडून नाही म्हणावं की नाही माणसानं? बाबा छाती काढून म्हणतात कसे, 'त्यात काय सर! जिंकलोय आपण!'

म्हणून तर तुम्हाला बोलावलं मी, हे सगळं सांगायला नव्हे... कुणाला किती साखर, कुणाला बर्फ नको, ते लिहून न्यायचंय. सांगा पटपट. बाबा म्हणाले, तुझाही कप धर, लाजू नकोस. धरला, पूर्ण साखर, बर्फ कमी... पण उद्या बस सुटल्यावर माझा तो कप कुणी प्यायचा...

'यु-झेन! अगं, चहावाला खोळंबलाय!'

आले, आई, आले!