पुढून बारकावे, मागून गाठी

...ते सगळं राहू दे, मला एवढंच सांगा, शब्द मी बरोबर वापरला की नाही? वापरला! मग सगळं फेझ शहर माझ्याकडे असं का बघतंय, मी मशिदीत चपला घालून शिरल्यासारखं? भाजीवाला बघतो, हमामात अंग चोळून देणारी बघते, आणि काल गल्लीत मागून गाढव आलं तर त्याचा मालक "बालाक, बालाक, सरका" ओरडायचं सोडून मला अदबीने लल्ला म्हणत विचारतो, "लल्ला बतूल, ते वाक्य तुम्हीच लिहिलंत ना?" म्हटलं, हो, मीच लिहिलं, दहापैकी दहा मिळाले, आता तू तुझं गाढव सांभाळ!

तुम्हाला सांगते, छप्पन्न वर्षं मी अंगठाबहाद्दर. कधी अडलं नाही. पण आमच्या इब्तिसामचं लग्न ठरलं, आणि मनात आलं, पोरीच्या लग्नाच्या कागदावर काय लिहिलंय ते आईला वाचता येऊ नये? म्हणून मशिदीतल्या साक्षरतेच्या वर्गात नाव घातलं. दुपारची नमाज झाली की आम्ही वीस बायका, कुणाच्या मांडीवर नातू, कुणाच्या पिशवीत सोलायचे वाटाणे, आणि शिकवायला सिहामबाई. पोर गुणाची हो, पण अगादीरची. समुद्राकाठची. हे लक्षात ठेवा, सगळं तिथेच घसरलं.

तर एक दिवस बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला. बारकावे. म्हणाल्या, "बारकावे म्हणजे बारीक बारीक गोष्टी, एकीत एक गुंतलेल्या, नीट बघितल्याशिवाय न दिसणाऱ्या. आता वाक्यात उपयोग करा." मला हसूच फुटलं. अहो, मी सातव्या वर्षापासून कापडाचे धागे मोजत भरतकाम करतेय, माशाच्या पिल्लाला पोहायला काय शिकवता? बाकीच्यांची मात्र दाणादाण! आमची झहूर उठली, "बाई, बारकावे छान असतात." बाई म्हणाल्या, "कशाचे?" "सगळ्याचेच छान असतात, बाई!" दुसरीने तर कमालच केली, "मी बाजारातून किलोभर बारकावे आणले." अगं बये, काय वाटाणे आहेत का ते? मग मी उठले. "पुदिन्याच्या चहात इतके बारकावे असतात, की साखर आधी की पाला आधी, यावरून माझी सासू आठ दिवस माहेरी जाऊन बसली होती." बाईंनी टाळ्या वाजवल्या! शब्द बरोबर वापरला की नाही? वापरला!

आता परीक्षा. तीन वाक्यं लिहायची. एक चहाचं लिहिलं, एक आमच्या गल्लीचं लिहिलं, तिसरं काही केल्या सुचेना. आणि तेवढ्यात डोळ्यापुढे आला तो रुमाल...

तो रुमाल म्हणजे काय, तर आमच्या होणाऱ्या विहीणबाई, लल्ला कल्तूम, मुलगी मागायला आल्या तेव्हा मिठाईच्या तबकावर घातलेला रुमाल. निळं भरतकाम, काय वेली, काय चांदण्या! आणि वर तोंडाने, "माझ्या हातचं आहे हो." आता आमच्या फेझचं भरतकाम कसं असतं? पुढून जसं तसंच मागून. गाठ नाही, लोंबता दोरा नाही, सुलटं कुठलं नि उलटं कुठलं ते ब्रह्मदेवालाही... तोबा तोबा, म्हणजे कुणालाही कळता कामा नये. मुलगी मागताना आणलेला रुमाल पाहुण्यांसमोर उलटून बघू नये, हा रिवाज. मी कुठे उलटला? त्या हात धुवायला गेल्या, तेवढ्यात एक कोपरा, एकच हो, नखाने जरासा वर केला. आणि मागे काय! गाठी! शेळीच्या लेंड्या पडाव्यात तशा गाठी! पण पोरीकडे बघितलं. ती त्यांच्या मुलाकडे, त्या अनसकडे बघत होती, आणि तो हिच्याकडे. म्हटलं बतूल, गीळ. गिळलं. चार महिने पोटात ठेवलं, नवऱ्याला नाही सांगितलं, बहिणीला नाही सांगितलं. मग कागदाला सांगितलं तर बिघडलं कुठे? लिहिलं, "माझ्या विहीणबाई लल्ला कल्तूम यांच्या भरतकामात पुढून पुष्कळ बारकावे आहेत आणि मागून पुष्कळ गाठी."

वाटलं, बाई वाचतील, खूण करतील, पेपर रद्दीत जाईल. पण नशीब! निकालाच्या दिवशी मोठा समारंभ, राजधानीतून, राबातहून साहेब आलेले, आणि मिरवायला म्हणून मीच, माझ्या या हातांनी, लल्ला कल्तूमना बोलावून पहिल्या रांगेत बसवलेलं. आणि सिहामबाई व्यासपीठावरून म्हणतात, "आता वर्षातलं सर्वोत्तम वाक्य!" मला वाटलं, चहाचं. मी डोक्यावरची ओढणी सावरली... आणि बाईंनी खणखणीत आवाजात, नावासकट, विहीणबाईंचं वाचलं!

अगादीरची हो! तिला बिचारीला वाटलं, भरतकामाला मागे गाठी असतातच की! राबातच्या साहेबांनाही तसंच वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात दोघांच्याच टाळ्या. बाकी दीडशे बायकांनी एकदम श्वास आत घेतला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लल्ला कल्तूम उठल्या. अंगातला जेलाबा, तो पायघोळ झगा, झटकला. तडक निघून गेल्या.

घरी इब्तिसाम रडून रडून लाल. "आई, तू माझं लग्न मोडलंस! एका वाक्यासाठी!" म्हटलं, अगं, शब्द बरोबर वापरला... "शब्द घाल चुलीत!" म्हणाली. आईला! आणि खरं सांगू? दहापैकी दहा घेऊन मी काय चाटणार होते?

तिसऱ्या दिवशी बदामाच्या करंज्या केल्या, तबक डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या दारात. दार उघडलं त्यांनीच. आत घेतलं, बसवलं, चहा ओतला. मीच म्हणाले, "लल्ला कल्तूम, चुकलं माझं. पोरांवर राग काढू नका." तर त्या म्हणतात, "गाठी आहेत की नाहीत?" म्हटलं, "आहेत." "मग तुम्ही खोटं नाही लिहिलंत. माझी आई लवकर गेली, मागची बाजू शिकवायला कुणी उरलंच नाही." आणि बाई रडली हो! मग मीही रडले. मग रुमाल मागवला, दोघींनी मिळून गाठी उसवल्या, संध्याकाळपर्यंत निम्मा झाला. लग्न कायम! मी उठले तर मला दारात थांबवून म्हणतात, "एकच अट आहे. त्या तुमच्या वर्गात माझं नाव घाला."

घातलं! काय करणार? आता रोज माझ्याच बाकावर, माझ्याच शेजारी. फळ्याकडे कमी, माझ्याकडेच जास्त बघतात. आणि घरी आल्या की काय विचारता! गालिच्याचा कोपरा वर कर, हंडीचं बूड बघ, उशीचा अभ्रा उलटा कर... मी म्हणते, "काय शोधताय?" तर गोड हसून, "काही नाही हो, अभ्यास करतेय."

लग्न मे महिन्यात आहे. त्याची मला काळजी नाही, ते छान पार पडेल. त्यांची परीक्षा जूनमध्ये आहे... मी आत्तापासूनच घर आवरायला घेतलंय.