कठडा धरून उतरावे

मरगदम : माझ्या शेडमध्ये यायचं तर आधी तो शर्ट काढा, साहेब.

शौरिराजन : शर्ट? का?

मरगदम : नायलॉनचा आहे. लांबूनच चकाकतोय. एक ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटेल, मग कातडीसकट सोलावा लागेल. तिथं खिळ्याला माझा जुना सुती सदरा आहे, लांब बाह्यांचा. तो घाला.

शौरिराजन : मरगदम, हे मला ठाऊक नाही असं का वाटतं तुला? बॉयलरच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो मी. सुरक्षा नियमांचं कलम सहा मीच लिहिलंय. 'कर्मचाऱ्याने सुती व पूर्ण बाह्यांचे कपडे परिधान करावेत.'

मरगदम : मग हा कशाला परिधान केलात?

शौरिराजन : कोदैनं इस्त्री करून ठेवला होता. वेल्डिंग शिकायचा पहिला दिवस म्हणून.

मरगदम : बरं झालं, बाईंनी जरीचं उपरणं नाही दिलं. आणि पायात सपाता. बुटांचं कलम कितवं?

शौरिराजन : सात. बूट घरी आहेत. उद्या आणतो.

मरगदम : तोवर माझ्या नवऱ्याचे घाला. थोडे चावतील. एकतीस वर्षांत वेल्डिंगचा होल्डर कितीदा हातात धरलात?

शौरिराजन : आमचं काम देखरेखीचं असतं.

मरगदम : म्हणजे एकदाही नाही. आणि हा पाइप कुठून आणलात?

शौरिराजन : माडीवर पडून होता. नवाकोरा आहे. चांगला चकचकीत.

मरगदम : चकचकीत आहे तेच वाईट. नळाचा पाइप हा, वरून जस्ताचा मुलामा. जाळलात की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप.

शौरिराजन : जस्ताचा धूर! कलम अकरा. स्पष्ट लिहिलंय त्यात.

मरगदम : कलम ओळखता, पाइप ओळखता येत नाही. राहू दे, बिनमुलाम्याचा काळा पाइप माझ्याकडे आहे. पण मला एक सांगा. दारात चार पायऱ्या, एका बाजूला कठडा. मी अर्ध्या दिवसात करून, बसवून देते. ह्या वयात डोळे आणि हात भाजून घ्यायची हौस कशाला?

शौरिराजन : हौस नाही गं.

मरगदम : मग?

शौरिराजन : बारा वर्षं कोदै सांगत होती, पायऱ्यांना कठडा लावा. मी म्हणायचो, बघू. कारखान्यातल्या एकशे चौदा जिन्यांना मी भांडून कठडे लावून घेतले. प्रत्येक जिन्यावर पाटी, 'कठडा धरून उतरावे.' आणि माझ्याच दारात माझी बायको पडली. कोलमची रांगोळी घालायला निघाली होती, तांदळाच्या पिठाची वाटी हातात होती. खुब्याचं हाड मोडलं.

मरगदम : कधी?

शौरिराजन : दहा महिने झाले. काठी घेऊन घरात फिरते, उंबऱ्याबाहेर येत नाही. नऊ दिवसांनी मार्गळी महिना लागतोय. एक्केचाळीस वर्षांत मार्गळीतला एक दिवस तिनं चुकवला नाही. पहाटे साडेचारला अंगणात बसून सगळ्या गल्लीत मोठा कोलम घालायची. आता कामवाली येते, भोकाभोकाच्या डब्यानं छापा मारते आणि जाते. कोदै खिडकीतून बघते. बोलत काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला त्या पायऱ्या चढून घरात शिरायची लाज वाटते, मरगदम.

मरगदम : ... हातमोजे त्या भिंतीवर आहेत. कोरडे बघून घ्या. ओले असतील तर हात लावू नका.

शौरिराजन : अरे! हा फलक! हा आमच्या कारखान्यातला. फोटो मी स्वतः काढलेला आहे.

मरगदम : हो.

शौरिराजन : बघ, किती बोलका आहे. जळता रॉड आणि उघडा हात. खाली लाल अक्षरात, 'असे करू नका.' प्रत्येक खात्यात लावला होता. तुलाही उपयोगी वाटला ना?

मरगदम : रोज बघते.

शौरिराजन : कंत्राटदाराकडे कामाला असलेली कुणीतरी बाई होती. चेहरा काही आठवत नाही.

मरगदम : चेहरा तुम्ही काढलाच नाहीत. हाताचाच फोटो काढलात. अंगठ्याजवळ हा डाग दिसतोय बघा.

शौरिराजन : ... तू?

मरगदम : तीन दिवस घरी बसवलंत. चौथ्या दिवशी मी आलेच नाही, ही शेड टाकली. आता ही काळी काच तोंडावर घ्या.

शौरिराजन : पण मोजे का घातले नव्हतेस?

मरगदम : बारा वर्षांनी विचारताय. काच खाली! काच खाली असल्याशिवाय रॉड लोखंडाला लावायचा नाही. उजेड बघितलात तर आत्ता काही वाटणार नाही, पण झोपायच्या वेळी डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होईल.

शौरिराजन : अर्थिंगचा चिमटा कुठं लावू?

मरगदम : पाइपलाच, जिथं सांधायचं त्याच्या जवळ. रंग खरवडून. हां. आता काडेपेटीवर काडी ओढतात तसा रॉड ओढा.

शौरिराजन : चिकटला! मरगदम, चिकटला!

मरगदम : ओरडू नका, त्याला ऐकू येत नाही. मनगट हलवून सोडवा. नसेल सुटत तर मी मशीन बंद करते. सुटला? परत.

शौरिराजन : परत चिकटला.

मरगदम : चिकटू दे. नऊ दिवस आहेत.

(नवव्या दिवशीची सकाळ. मार्गळी उद्या लागते. शौरिराजनच्या दारातल्या पायऱ्यांशेजारी मरगदमनं वेल्ड केलेले चार खांब उभे राहिले आहेत, वरचा दांडा तेवढा सांधायचा आहे. मशीन अंगणात, होल्डर शौरिराजनच्या हातात, आणि उंबऱ्यात काठी टेकून, रिकामा तांब्या घेऊन कोदै.)

मरगदम : थांबा! होल्डर खाली ठेवा! अक्का, ते बटण माझ्या हाताशी आहे, तुम्ही हलू नका. झालं बंद. साहेब, पायांत काय आहे?

शौरिराजन : काही नाही.

मरगदम : आणि पायांखाली?

शौरिराजन : पाणी.

मरगदम : मी टेम्पोतून रॉडचा पुडा आणायला वळले, तेवढ्यात! भिजलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून रॉड लावताय? करंट काही तुमचं पद विचारणार नव्हता!

कोदै : पाणी मी शिंपडलं. त्यात काय झालं? दारात पाणी न शिंपडता कुणी शुभ काम सुरू करतं का? आणि बूट मीच काढायला लावले. कोलमच्या जागेवर ते धूड घालून उभे होते.

मरगदम : अक्का, चूक तुमची नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ह्यांना तर तोंडपाठ आहे.

कोदै : तोंडपाठ? अहो, घरात दूध उतू गेलं तरी मला कलम ऐकवता. आजच वाचा गेली होती का तुमची?

शौरिराजन : तू हसत होतीस.

कोदै : काय?

शौरिराजन : दहा महिन्यांनी तांब्या घेऊन उंबऱ्यात आलीस. भिंत धरून वाकलीस आणि शिंपडलंस. हसत होतीस. मला कलम नऊ आठवलं, अक्षर न् अक्षर. 'जागा कोरडी असल्याची खात्री करावी.' पण तोंडातून शब्द निघेना. बारा वर्षं तुला 'बघू' म्हणालो, आज 'थांब' कुठल्या तोंडानं म्हणू?

कोदै : म्हणजे मरायची तयारी, पण बायकोला नको म्हणायची नाही. वा! आणि मी इथं काठी टेकत कुणाला हाका मारल्या असत्या?

शौरिराजन : चुकलं माझं.

कोदै : पाणी काय, उद्या परत शिंपडता येतं. नवरा परत कुठून शिंपडू?

मरगदम : अक्का, रडू नका. साहेब, तुम्ही जरा तसेच उभे राहा. तो होल्डर घ्या हातात. मशीन बंद आहे, घाबरू नका.

शौरिराजन : काय करतेस?

मरगदम : फोटो काढते. ओली फरशी, अनवाणी पाय. काढला. शेडमध्ये माझ्या हाताशेजारी लावणार.

शौरिराजन : मला विचारलं नाहीस.

मरगदम : तुम्ही कुठं विचारलं होतं?

कोदै : कसला हात, मरगदम?

मरगदम : तुमच्या साहेबांनी माझ्या हाताचा फोटो कारखानाभर लावला होता. मोजे न घातलेली मूर्ख बाई म्हणून.

शौरिराजन : मूर्ख असं नव्हतं लिहिलं.

मरगदम : लिहायला कशाला पाहिजे?

शौरिराजन : मग आज तरी सांग. का घातले नव्हतेस?

मरगदम : कंत्राटदारानं चौघींत मिळून एकच जोडी दिली होती. आळीपाळीनं वापरायचो. त्या दिवशी पाळी माझी होती. पण चेल्लम्माचा हात आदल्या दिवशी भाजला होता, फोड आले होते. म्हटलं, तूच घाल.

शौरिराजन : हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

मरगदम : तिलाही घरी बसवलं असतंत. भाजलेल्या हातानं काम केलं म्हणून. त्यालाही एखादं कलम असेलच.

शौरिराजन : ... बावीस.

कोदै : बघितलंस? पाठ आहे!

शौरिराजन : मरगदम, मी फक्त हात बघितला. पुढं काही विचारलंच नाही. माफ कर मला.

मरगदम : केलं असतं, पण आधी फरशी पुसा. मग ऊन येईपर्यंत बसू. अक्का, कॉफी मिळेल का?

कोदै : मिळेल. ते पायपुसणंही काढून घेऊ का? काथ्याचं आहे.

मरगदम : साहेब, ऐका! आठ दिवसांत तुम्हाला सुचलं नाही, अक्कांना उंबऱ्यातून दिसलं. ठिणगी पहिली त्यावरच पडली असती.

शौरिराजन : ऊन आलं, फरशी वाळली. हात फिरवून बघितलं मी, कोपऱ्यातसुद्धा. बूट घातले. मोजे कोरडे आहेत.

मरगदम : खांबांवरचे तीन सांधे मी करते. शेवटचा, तळाचा, तुमचा.

शौरिराजन : सगळे नको का मी करायला?

मरगदम : अक्कांचा सगळा भार ह्यावर पडणार आहे. तुमच्या हौसेवर नाही टाकता येत.

कोदै : बरोबर बोलली.

मरगदम : डोळे! अक्का, तोंड फिरवा. मी सांगेपर्यंत इकडं बघायचं नाही.

कोदै : एक्केचाळीस वर्षं बघतेच आहे. घटकाभर नाही बघितलं तर काही बिघडत नाही.

मरगदम : झाले माझे. या साहेब. काच खाली. घाई नको. रॉड जवळ ठेवा, अजून जवळ. हं... हं... आता सोडा. चष्मा लावा आणि मगच हातोडीनं खपली काढा, डोळ्यात उडते.

शौरिराजन : कसा झालाय?

मरगदम : चकली आहे. आणि तीही मोडकी.

कोदै : धरेल का?

मरगदम : हातोडा मारून बघते. सरका. ... परत एकदा. ... नाही, आतपर्यंत धरलंय. दिसायला वाईट आहे, पण सुटणार नाही. मी लटकते त्याला, बघा.

कोदै : धरू मी?

मरगदम आणि शौरिराजन : तापलंय!

कोदै : बरं बाई, ओरडू नका दोघं. दहा महिने थांबले, लोखंड निवेपर्यंत थांबते.

मरगदम : आता या. काठी तिथंच ठेवा.

शौरिराजन : मी हात देतो, कोदै.

कोदै : हात मागं घ्या. तुम्हीच धरायचं तर हे लोखंड कशाला उभं केलंत? एक... दोन... ही तिसरी. अहो, इथं खडबडीत काय लागलं? हाच ना तुमचा सांधा?

शौरिराजन : हो. घासून गुळगुळीत करून देतो. मशीन आहे मरगदमकडे.

कोदै : नको, राहू दे तसाच. पहाटे अंधार असतो. हाताला हा लागला की मला कळेल, आता एकच पायरी राहिली.