चिंधा बैसाणेंची हलगी

झिपरू : मंग ते तूच वाचं? तुनाच आवाज व्हता ना?

मृणाली : माझाच होता, आबा.

झिपरू : माले वाटनं, तुनासारखा आवाजनी दुसरी कोनी पोर व्हई.

मृणाली : मीच होते. दुपारच्या प्रसारणात. कागद हातात आला तेव्हा माइक चालू होता. पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीत तुमचं नाव. रेडिओवर थांबता येत नाही हो. आपण थांबलो की अख्ख्या खान्देशात शांतता ऐकू जाते.

झिपरू : जाती तं जाती.

मृणाली : आता तसंच वाटतंय.

झिपरू : फिरी सांग बरं. मी नुसता तुना आवाज आयकी ऱ्हायंतू, नात बोली ऱ्हायनी म्हनीसन. शबद मांगेतून उनात.

मृणाली : नको ना, आबा.

झिपरू : बठ्ठा जिल्हाले सांगं. आजालेच सांगाव नही का?

मृणाली : "रविवारी धुळ्याच्या मैदानावर पारंपरिक क्रीडा महोत्सव. कुस्त्यांचं थेट प्रक्षेपण सरकारी वाहिनीवरून. मल्लांना हलगीची साथ देतील बोरीकाठचे वंशपरंपरागत हलगीवादक श्री. झिपरू चिंधा बैसाणे व कुटुंबीय."

झिपरू : व कुटुंबीय.

मृणाली : म्हणजे मी. म्हणजे बाबा. बाबांचा भुसावळहून फोन आला होता. इंजिनवर चढता चढता कुणीतरी विचारलं म्हणे, "काय बैसाणेसाहेब, रविवारी हलगी का?" एवढंच सांगितलं. मला एक शब्द रागावले नाहीत. फोन चालूच होता, मागं गाडीची शिटी वाजत होती.

झिपरू : मना बानं नाव बी उनं त्यामा. चिंधा. ज्यानी हलगीले जाळमा धरी, त्यानं नाव परत हलगीले बांधं.

मृणाली : जाळात? तुम्ही तर म्हणायचे, पणजोबांनी हलगी सोडली.

झिपरू : सोडीच. कशी सोडी, ते सांगानी येळ उनी नही कधी.

मृणाली : मी केंद्रावर विचारलं, शुद्धिपत्र वाचू का. वरचे म्हणाले, मंत्र्यांच्या कागदाला आपण शुद्धिपत्र काढत नसतो. त्यांनी स्वतः दिलं तरच. उद्यापासून येऊ नको असं नाही म्हणाले, पण "घरी जाऊन विचार कर" म्हणाले. आमच्यासारख्या रोजंदारीवरच्या निवेदकांना एवढंच पुरतं.

झिपरू : कोन शे मंत्री?

मृणाली : कोण म्हणजे? प्रेमराजकाका. खेळ, संस्कृती, प्रसारण, तिन्ही खाती त्यांचीच ना. कुस्ती त्यांची, वाद्य त्यांचं, रेडिओही त्यांचाच. तुमचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं घातलंय.

झिपरू : आपला गावना, पाटीलना प्रेमराज?

मृणाली : आपलाच.

झिपरू : तुनी आजीना हातनी भाकर खायेल पोऱ्या शे तो. भुसावळले तालीममा येये, आपला रेल्वेना क्वार्टरमाच राहे. कलाबाई भाकरी टाकी टाकी दमी जाये, पन त्याले कधी म्हने नही, आते पुरे.

मृणाली : ते आत्ता इकडेच येतायत, आबा. मी निघाले तेव्हा त्यांच्या माणसाचा निरोप आला. तुमचा सत्कार करायचाय. शाल आणतायत.

झिपरू : शाल? इतला उनमा?

(घरासमोर गाड्या थांबतात. प्रेमराज चपला दाराशी काढून, माणसांना बाहेरच ठेवून, एकटाच आत येतो.)

प्रेमराज : उठू नका, आबा, उठू नका. पाया पडू द्या. मेहरूणच्या तलावाजवळ घर बांधलं आणि मला बोलावलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय हं.

झिपरू : तुन्या गाड्या मावतीन इतलं मोठं घर नही शे भाऊ हाई.

प्रेमराज : खरंय, तलावापर्यंत रांग लागलीय. आणि ही मृणाली. काय वाचलंस गं दुपारी. "चिंधा" म्हणताना आवाज असा हळू झाला, मी गाडीत डोळे मिटून घेतले.

मृणाली : तो हळू नव्हता झाला, काका. अडकला होता.

प्रेमराज : अडकला?

झिपरू : बस, प्रेमराज. मृणाली, पानी दे त्याले. ती थाळीमा शेव बी दे. त्याले शेव लागस.

प्रेमराज : तुम्हाला अजून आठवतं. आबा, तुम्हाला वाटलं असेल, पोऱ्या मंत्री झाला, विसरला. मी विसरलो नाही. खातं मिळालं त्या दिवसापासून ही योजना डोक्यात होती. "वारसा" नाव ठेवलंय. ज्या घरात जी कला, त्या घराला तिचा मान परत. कुस्ती मातीतली राहील, वाद्यं घराण्यातली राहतील, आणि आपली सरकारी वाहिनी ते गावोगाव पोचवेल. पहिलं नाव कुणाचं, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी ज्या घरी जेवलो त्या घरचं.

मृणाली : आमच्या घरात हलगी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

प्रेमराज : माझ्या वडिलांनी. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत, पण चिंधाची हलगी आठवायची. पाठीला माती लागलेला मल्ल ती ऐकून पुन्हा उभा राहायचा म्हणे. मग गावातून हलगी गेली. शिकणारं कोणी उरलं नाही, म्हणायचे.

झिपरू : असं सांगे तो? शिकनारा नव्हता?

प्रेमराज : असंच सांगायचे.

झिपरू : मी व्हतू ना. बाना मांडीले मांडी लाईसन बसेल ऱ्हाऊ. दहा सालना. हलगीना बठ्ठा हात माले येयेत. झोपमा बी मनी बोटं हाले, माय गोधडीखाले धरी ठेये.

प्रेमराज : मग? मग का नाही?

मृणाली : काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?

प्रेमराज : काय माहीत नाही?

झिपरू : त्याले कोन सांगी? आयक, भाऊ. बा नागपूरथाईन उना. धवळं धोतर, धवळी टोपी. रातले मायले सांगे, आते आपन कोनाना देवपुढे, कोनाना दारपुढे वाजाडाव नही. पन हलगी खुटीले टांगेलच व्हती. मंग गावनी जत्रा उनी. कुस्त्यासना दिन उना. तुना बाप आमना दारमा उभा ऱ्हायना. म्हने, चिंधा, मल्ल खोयंबी ऱ्हायनात, चाल.

प्रेमराज : वडील स्वतः आले होते?

झिपरू : सोता. बा म्हने, हलगी शेकनी पडी. ढिलं कातडं बोलत नही, ते तं तुले ठाऊक शे. बानी पाचट पेटाडा. हलगी जाळवर धरी. तुना बाप दारमा उभा, आम्हनी गल्ली उभी, मैदानमा गाव उभं. कातडं तापनं. मी म्हनं, बा, आते काढ. बा काढे ना. मी म्हनं, बा, फुटी ना ती. बा जाळकडे देखत नव्हता. तुना बापकडे देखी ऱ्हायंता.

मृणाली : आबा...

झिपरू : आनि फुटनी. इतला मोठा आवाज, भाऊ, मैदानमा लोकेसले वाटनं हलगी सुरू व्हयनी. मल्ल उठीसन उभा ऱ्हायनात म्हने. तेच बानं शेवटलं वाजाडनं.

प्रेमराज : हे... हे मला कुणीच...

झिपरू : दुसरा दिन इहीर बंद व्हयनी आमले. माय बोरीना पात्रमा वाळू उकरे, वाटी वाटी पानी भरे. मी रडू, तं ती म्हने, रडू नको, रडाले बी पानी लागस. मंग भुसावळ. बा स्टेशनवर हमाल लागना. वझं उचलीसन बोटं अशी जाड व्हयनी. म्हने, बरं व्हयनं, आते वाजाडाव म्हनं तरी वाजाव नही.

प्रेमराज : विहीर कुणी बंद केली?

झिपरू : इचारू नको.

प्रेमराज : नाही आबा, सांगा. आत्ताही गावात त्यांची घरं असतील तर मी...

झिपरू : तू तुनं नाव लिखस ना, त्याना मांगे जे बापनं नाव लिखस, त्यानी.

मृणाली : पाणी घ्या, काका.

प्रेमराज : नको. राहू दे. ...आबा, मी तुमच्या घरी जेवलो. वर्षं काढली तुमच्या क्वार्टरमध्ये. हिची आजी मला स्वतःच्या ताटातलं वाढायची. तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

झिपरू : जेवी ऱ्हायेल पोऱ्याले त्याना बापनं काय सांगो? सोयरीक नव्हती ती, भूक व्हती तुनी. कलाबाई म्हने, तालीमना पोऱ्या शे, त्याले खाऊ दे.

प्रेमराज : त्यांना ठाऊक होतं?

झिपरू : तिले बठ्ठं ठाऊक व्हतं.

प्रेमराज : आणि मी आज... शाल घेऊन आलो.

मृणाली : तुम्ही वाईट हेतूनं नाही केलं, हे मला दिसतंय, काका. म्हणून तर जास्त भीती वाटते. वाईट हेतू असता तर भांडता आलं असतं.

प्रेमराज : नाव काढतो. आत्ताच फोन करतो. धुळ्याला दुसऱ्या गावचं कुणीतरी येईल वाजवायला. साक्रीकडचे आहेत, शिंदखेड्याकडचे आहेत.

मृणाली : त्यांच्या आजोबांना विचारलंय का कुणी?

प्रेमराज : योजनेत घराणं लागतं गं. घराण्याचा दाखला असला तरच मान्यता. नियमच तसा...

मृणाली : नियम कुणी केला?

प्रेमराज : मी.

मृणाली : मग घराणं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. हलगीला घराणं कुठलं असतं? तुम्ही जातीचा तो जुना शब्द धुऊन, इस्त्री करून परत आमच्या अंगावर घातलाय. आणि वाचायला मीच सापडले.

झिपरू : हळू, बाई. त्याले मारू नको इतलं. ज्याले वाजाडनी ती वाजाडो ना. नाद गोड शे, प्रेमराज. खोटं कशाले बोलू? अजून बी जत्रानी हलगी दूरथाईन आयकू उनी तं मी खिडकी लावस नही. पन गोड शे म्हनीसन ती आमनाच गयामा का? संस्कृती शे ना?

प्रेमराज : आहेच.

झिपरू : तुनं खातं शे ना?

प्रेमराज : हो, आबा.

झिपरू : मंग रविवारले तू वाजाड.

प्रेमराज : मी?

झिपरू : हात शेतस ना तुले. मल्लना हात. मनगट अजून चांगलं दिखस.

प्रेमराज : आबा, चेष्टा करता.

झिपरू : नही.

प्रेमराज : मी मंत्री. थेट प्रक्षेपण. गावचे सगळे समोर बसणार, भाऊबंद बसणार, पाटलाच्या घरातला माणूस गळ्यात हलगी...

मृणाली : थांबू नका, काका. रेडिओवर थांबता येत नाही.

प्रेमराज : मृणाली, मी काय बोललो आत्ता?

मृणाली : ऐकलं आम्ही.

झिपरू : ते तू नही बोलना. ते तुना बाप बोलना. दारमा उभा ऱ्हाईसन.

प्रेमराज : असं नका म्हणू, आबा. मारा, पण असं नका म्हणू.

झिपरू : मारासाठे नही सांगं. तू म्हनास ना, शिकनारा कोनी उरना नही. मी म्हनस, उरना नही असं नही. बठ्ठा गावमा दुसरा कोनी शिकाले उनाच नही. इतलंच.

प्रेमराज : कागद आहे का गं? नको, कागद नको. तू लक्षात ठेव. संध्याकाळच्या बातम्यांआधी वाच. मी केंद्रावर फोन करतो, तुला कुणी काही म्हणणार नाही. माझ्या नावानं वाच.

मृणाली : सांगा.

प्रेमराज : "श्री. झिपरू चिंधा बैसाणे व त्यांचे कुटुंबीय रविवारी हलगी वाजवणार नाहीत. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर हलगी सोडली. त्यांचं नाव मंत्र्यांकडून चुकीनं..."

मृणाली : "चुकीनं" वाचू, की "न विचारता" वाचू?

प्रेमराज : एकच ना गं ते?

मृणाली : माझ्या तोंडून गेलंय, काका. परत येताना तरी नीट यावं.

प्रेमराज : न विचारता. "त्यांना न विचारता घेतलं गेलं."

मृणाली : कुणाकडून?

प्रेमराज : "मी घेतलं." असं वाच. "त्यांना न विचारता मी घेतलं."

झिपरू : आनि त्यामा "वंशपरंपरागत" म्हनू नको. त्या शबदले मनं कान दुखस.

प्रेमराज : तो योजनेतूनच काढायला लागेल, आबा. ते एका दिवसात होणार नाही. वर माणसं आहेत, विचारतील, भांडतील. पण काढायला लागेल.

मृणाली : आणि रविवारचं? हलगी कोण वाजवणार, ते लोक विचारतील. ते काय वाचू?

प्रेमराज : ते मी आज सांगू शकत नाही. खोटं नको बोलायला लावूस मला या घरात.

झिपरू : लावत नही ती. बिगरहलगीनी बी व्हतीस कुस्ती. त्या दिनले बी व्हयनी व्हती.

प्रेमराज : शाल ठेवू का इथं? की परत नेऊ?

झिपरू : ऱ्हाऊ दे. हिवाळामा पांघरसू. तिनं काय चुकनं?

प्रेमराज : माणसं बाहेर खोळंबलीत. निघायला हवं मला.

मृणाली : थाळी राहू द्या काका, मी उचलते. अजून शेव हवी?

प्रेमराज : नको. संपली. ...आबा.

झिपरू : बोल.

प्रेमराज : हलगी एवढीच असते ना? या थाळीएवढी?

झिपरू : जराशी मोठी. पन चालस.

प्रेमराज : दाखवा ना एकदा. कशी धरतात.

झिपरू : मी हात लावाव नही तिले. थाळीले बी नही, तशी धरी तं. बाले शबद देयेल शे.

प्रेमराज : मग तोंडानं सांगा. (थाळी हलगीसारखी धरून) अंगठा आठेच ना, काठले?

झिपरू : जरासा खाले.