रोज तेच पान

तुम्ही सगळ्या शाळेच्या गमती सांगताय, पण मी शाळेत कधी गेलेच नाही. लहानपणी तापात माझा पाय अधू झाला. आई नव्हती. अब्बा लोणावळ्याला रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते. कामावरून आले की ते मला मराठी तिसरीचं पुस्तक शिकवायचे. एक धडा ते वाचायचे, एक मी. अख्ख्या दिवसात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, इंग्रजी शिकवा, मुलीचं भलं होईल. त्यांनी इंग्रजी पुस्तक आणलं, आठवड्यातून दोनदा येणारे एक मास्तर लावले आणि मराठीचं पुस्तक फळीवर ठेवून दिलं. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचायला लागले की अभ्यास मोडू नये म्हणून ते बाहेर पायरीवर जाऊन बसत.

मास्तर पुढचं शिकवायचे, पण अब्बा पायरीवर असले की मी मुद्दाम रोज पहिलंच पान मोठ्यानं वाचायचे. वाटायचं, आत येतील, टोकतील. महिना गेला. एकदा पायरीवरूनच म्हणाले, "लय झ्याक वाचतीस. पुस्तक सरत आलं आसंल."

मला रडूच फुटलं. "अब्बा, महिनाभर एकच पान वाचतेय मी! मला मराठीच शिकवा."

ते आत आले. फळीवरचं पुस्तक काढून माझ्याशेजारी बसले.

"मी वाचू?" मी विचारलं.

"न्हाई पोरी, आज मीच वाचतो," ते म्हणाले. "मला बी लय दिवस कुनी बोलायला नव्हतं."