खिंडीतला गवा

संभाच्या आईच्या फोनचं तुम्हाला सांगितलं न्हाय व्हय? गगनबावड्याजवळ त्याचं गाव. भातखाचरांतल्या पायवाटेनं आम्ही दोघं खिंडीत चढलो, तर वळणावर एकटा गवा उभा. मागं दरी. त्यानं फुरफुरून मान खाली घातली. तेवढ्यात संभाचा फोन वाजला. आवाज थांबावा म्हणून त्यानं तो झटकन कानाला लावला.

“कुठं हाईस रं?” आईचं बोलणं मलाबी ऐकू आलं.

“गव्याजवळ,” संभा पुटपुटला.

“गावाजवळ आलास व्हय? मग चहा ठेवते की.”

गवा बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला, मग सावकाश झाडीत शिरला. संभा वाटेवरच खाली बसला. फोन अजून कानालाच होता.

“ठेव,” तो म्हणाला. “साखर जरा जास्त घाल.”