बुडबुडे न सोडणारं मशीन

(सन २०२४. वरोऱ्यातलं बाबूभाईंचं पंक्चरचं दुकान. मुलगी नाजिया अंदमानात लोकांना समुद्रात खोल उतरायला शिकवते. ती रजेवर घरी आली आहे. आई सुलताना बाकावर भाजी निवडत बसली आहे.)

नाजिया: या नव्या मशीनीत सोडलेला श्वासच फिरून आपल्याले भेटते, अब्बा. मशीनीच्या आत चुन्याचे दाणे असते, ते खराब हवा खाऊन घेते. बुडबुडे निघतच नाई.

बाबूभाई: मंग नको.

नाजिया: काऊन?

बाबूभाई: मागच्या रजेत गडचांदूरच्या पाणी भरलेल्या जुन्या खाणीत उतरली, तवा मी काठावर काय पाहून राह्यलो होतो? बुडबुडे. ते दिसले म्हणजे पोरगी जित्ती हाय.

सुलताना: अन् इथी टबातल्या ट्यूबनं बुडबुडे सोडले का शिव्या देता.

बाबूभाई: ट्यूब माही पोरगी नोहे.

नाजिया: साध्या टाकीतली हवा लवकर सरते. बुडालेल्या जहाजापाशी पोचलं नाई का परता.

सुलताना: सासर हाय का तुहं ते, मुक्काम कराले?

नाजिया: अम्मी, ऐक ना. दोन मशीन पाह्यल्या. एक लोखंडी कपाटावानी, सगळे म्हणते हीच घे. दुसरी लहान, सुटी करून बॅगीत बसते. सिलिंडर जिथी जाऊ तिथी भाड्यानं.

बाबूभाई: मोठीच घे. जिवाचा सवाल हाय.

सुलताना: मोठी विमानात येते?

नाजिया: नाई. तिकडंच ठेवा लागन.

सुलताना: अन् तू?

नाजिया: पहिल्या वर्षी सराव तुटू द्यायचा नसते, अम्मी. मशीन जिथी, मी तिथी.

सुलताना: म्हणजे ईदले नाई.

नाजिया: नाई.

बाबूभाई: लहानवालीचा फोटू दाखव बरं.

सुलताना: आता बुडबुडे नको?

बाबूभाई: दोर बांधीन कमरेले. मी ओढला का तिनं बी ओढायचा.

नाजिया: मी बकरी हावो का, अब्बा?

बाबूभाई: बकरी बरी. चरून घरी तं येते.

(दोन वर्षांनी. शेजारीण गिरजाबाई सुलतानाकडे चहाला आली आहे.)

गिरजाबाई: पोचली म्हणते नाजिया जहाजापाशी?

सुलताना: पोचली. आता तीच मशीन दुसऱ्यायले शिकवते. दर ईदले बॅग घेऊन येते अन् खाणीत उतरते.

गिरजाबाई: अन् बाबूभाऊ?

सुलताना: काठावर दोर धरून बसते. पोरगी अंदमानात असली का रातभर कूस बदलते, पन तिथी दोर हातात आला का पाच मिनिटांत घोरते.

गिरजाबाई: मंग पाण्याकडं कोन पाह्यते?

सुलताना: मी.